जेरी क्वारीला ‘आता पुरे’ कोणी म्हणायचे होते? मुष्टियोद्ध्याचा मेंदू आणि सुधारणांचा अपुरा राहिलेला प्रश्न

३० ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या अरोरा या शहरात सहा फेऱ्यांची एक मुष्टियुद्धाची लढत झाली. त्या लढतीत कोणतेही विजेतेपद पणाला लागलेले नव्हते आणि जिंकणाऱ्याला पुढे कोणती मोठी संधी मिळणार होती, असेही नाही. रिंगमध्ये उतरलेल्या दोघांपैकी एक जण सत्तेचाळीस वर्षांचा होता. एके काळी तो महंमद अली आणि जो फ्रेझियर या जगज्जेत्यांशी प्रत्येकी दोनदा लढला होता, माजी जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनला त्याने हरवले होते आणि केवळ त्याचे नाव फलकावर लागले म्हणून न्यूयॉर्कमधील प्रेक्षागृहे भरली होती. त्या रात्री तो सहाही फेऱ्या उभा राहिला, गुणांवर हरला आणि त्याबद्दल त्याला १,०५० डॉलर मिळाले. त्याचे नाव जेरी क्वारी. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, ३ जानेवारी १९९९ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी तो वारला. अखेरच्या काळात त्याला जेवताना, दाढी करताना आणि कपडे घालताना दुसऱ्याची मदत लागत असे.

जुन्या हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटातल्या, लढतींवर प्रेम करणारी माणसे आजही एकत्र आली की क्वारीची आठवण निघते, आणि ती निघाली की बोलणे थोड्याच वेळात या खेळातील सुधारणांकडे वळते. असे का होते, हे समजून घ्यायचे असेल तर ‘अरोराच का?’ या साध्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते. त्याचे उत्तरही साधे आहे. कोलोरॅडो राज्यात त्या वेळी व्यावसायिक मुष्टियुद्धावर देखरेख ठेवणारा आयोगच अस्तित्वात नव्हता. परवाना मागणारे कोणी नव्हते, मेंदूची तपासणी करून घ्या असे सांगणारे कोणी नव्हते आणि ‘तुम्हाला लढता येणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार असलेलेही कोणी नव्हते.

क्वारीचा जन्म १५ मे १९४५ रोजी कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे झाला. स्थलांतरित शेतमजुरांच्या छावण्यांमध्ये दिवस काढलेल्या वडिलांनी मुलांना अगदी लहानपणीच हातमोजे चढवले. क्वारी कधी माघार घेत नाही, ही त्या घराची शिकवण होती आणि ती मुलांच्या अंगात पुरेपूर मुरली. १९६५ मध्ये जेरीने गोल्डन ग्लव्ह्ज ही राष्ट्रीय हौशी स्पर्धा पाचही प्रतिस्पर्ध्यांना नॉकआउट करून जिंकली. त्याचे वजन साधारण ८८ किलो असे. आजच्या वर्गवारीत तो क्रूझरवेट या खालच्या गटात बसला असता, कारण त्या गटाची मर्यादा सुमारे ९०.७ किलो आहे. पण तो गट १९७० च्या दशकाच्या अखेरीस निर्माण झाला. क्वारीच्या उमेदीच्या काळात ७९.४ किलोच्या वरचा प्रत्येक जण हेवीवेट होता आणि हेवीवेटला वरची मर्यादा नव्हती. म्हणजे आपल्यापेक्षा दहा-पंधरा किलोंनी जड माणसाचे ठोसे खाणे हा त्याच्या व्यवसायाचाच भाग होता.

त्याचा काळही हेवीवेट गटाचा सर्वांत कठीण काळ होता. अली, फ्रेझियर, नॉर्टन, शेव्हर्स, लाइल, एलिस यांच्यापैकी प्रत्येकाशी तो लढला. त्याने रॉन लाइलला गुणांवर हरवले आणि अर्नी शेव्हर्सला पहिल्याच फेरीत बाद केले. ही दोन्ही नावे ज्यांना परिचित आहेत, त्यांना या विजयांची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. ६६ व्यावसायिक लढतींपैकी त्याने ५३ जिंकल्या, ९ गमावल्या आणि ४ बरोबरीत सुटल्या. तो जगज्जेता मात्र कधीच झाला नाही.

आता त्याच्या तीन पराभवांकडे नीट पाहू, कारण सुधारणांच्या चर्चेचे मूळ त्यांच्यात दडलेले आहे.

पहिला पराभव जून १९६९ मधला, न्यूयॉर्कमधील फ्रेझियरविरुद्धचा. क्वारीकडे मागे सरकून, प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ देऊन उलट ठोसा मारण्याची उत्तम कला होती, पण त्या रात्री तो फ्रेझियरच्या समोर उभा राहून ठोशाला ठोसा देत राहिला. सात फेऱ्यांनंतर त्याच्या डोळ्याखालची जखम पाहून डॉक्टरांनी लढत थांबवली, तेव्हा तो संतापला होता. त्याला पुढे लढायचे होते. दुसरा पराभव २६ ऑक्टोबर १९७० रोजी अटलांटा येथे झाला. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे साडेतीन वर्षे रिंगबाहेर राहिलेल्या अलीचे ते पुनरागमन होते. तिसऱ्या फेरीनंतर क्वारीच्या डाव्या डोळ्यावरील खोल जखमेमुळे ती लढत थांबली. या दोन्ही लढती वेळेत थांबल्या त्या जखम आणि रक्त डोळ्यांना दिसत होते म्हणून.

तिसरा पराभव १७ जून १९७४ चा. समोर पुन्हा फ्रेझियर होता आणि रिंगमध्ये पंच म्हणून उभा होता जो लुई, हेवीवेटच्या इतिहासातील सर्वांत थोर जगज्जेत्यांपैकी एक. चौथ्या फेरीच्या अखेरीस पोटावरील ठोशाने क्वारी खाली गेला. पाचव्या फेरीत त्याचा बचाव कोसळला होता, चेहरा फाटला होता आणि खुद्द फ्रेझियर हात आखडता घेऊन पंचाकडे पाहू लागला होता. लुईने मात्र लढत चालू ठेवण्याची खूण केली. अखेर ती थांबली, पण फार उशिरा थांबली अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. लुईच्या हेतूविषयी मला शंका नाही. तो स्वतः ज्या परंपरेत वाढला, त्या परंपरेत माणूस पायांवर उभा आहे तोवर त्याला संधी देणे हाच सन्मान मानला जात असे. प्रश्न असा की, हा सन्मान नेमका शरीराच्या कोणत्या भागाच्या जिवावर दिला जातो?

कवटीच्या आत काय घडते

मेंदू मऊ असतो आणि तो कवटीच्या आत द्रवामध्ये जवळजवळ तरंगत असतो. जबड्याच्या बाजूला हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, बसतो, तेव्हा डोके मानेभोवती एकदम गरकन वळते. कवटी फिरते, पण आतला मऊ गोळा क्षणभर मागे राहतो आणि मग झटक्याने तिच्या मागे ओढला जातो. या ओढाताणीत मेंदूच्या पेशींना एकमेकींशी जोडणारे बारीक, लांब तंतू ताणले जातात. तांब्याभर पाणी हातात धरून तांब्या एकदम फिरवला, तर भांडे वळते पण पाणी लगेच वळत नाही. ही तुलना ढोबळ आहे, पण कल्पना येण्यास पुरेशी आहे. समोरून सरळ बसणाऱ्या ठोशापेक्षा असा डोके फिरवणारा ठोसा अधिक घातक का असतो, हेही त्यावरून कळते.

यातून दोन वेगवेगळे धोके निर्माण होतात आणि चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. पहिला धोका तातडीचा आहे. मेंदू आणि त्याच्यावरचे आवरण यांना जोडणाऱ्या शिरा फाटतात, आत रक्त साचते, त्या रक्ताचा दाब मेंदूवर पडतो आणि काही तासांत, कधी काही मिनिटांतही, माणूस कोमात जातो. अशा वेळी शल्यचिकित्सा किती लवकर होते यावर सर्व काही अवलंबून असते. दुसरा धोका सावकाश येतो. वर्षानुवर्षे बसलेल्या ठोशांमुळे मेंदूत टाऊ नावाचे प्रथिन चुकीच्या पद्धतीने साचू लागते, पेशी मरतात आणि मेंदू आकसत जातो. यासाठी प्रत्येक ठोशाने शुद्ध हरपावी लागत नाही. ज्या ठोशांनी खेळाडू डळमळतही नाही, असे हजारो ठोसे या हिशेबात मोजले जातात.

हे ज्ञान नवे नाही. न्यू जर्सीतील विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच लिहिले होते की, अनेक मुष्टियोद्धे दारू न पिताही दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खातात, त्यांची जीभ अडखळते आणि हालचाली मंदावतात, आणि हे मेंदूला झालेल्या इजेचे लक्षण आहे. ब्रिटनमध्ये १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२४ निवृत्त व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांची तपासणी केली गेली. त्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांमध्ये अशा इजेची चिन्हे सापडली. १९७३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी पंधरा मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचे मृत्यूनंतर परीक्षण करून आतल्या बदलांचे सविस्तर वर्णन केले. आज या विकाराला सीटीई या आद्याक्षरांनी ओळखतात आणि अमेरिकी फुटबॉलमुळे त्याचे नाव घरोघरी पोहोचले आहे. पण त्याची पहिली ओळख मुष्टियुद्धाच्या रिंगमध्येच झाली होती.

या विकाराची सर्वांत कठीण बाजू अशी की, लक्षणे बहुतेकदा कारकीर्द संपल्यानंतर ठळक होतात आणि पक्के निदान आजही मृत्यूनंतरच्या तपासणीतूनच होते. लढतीपूर्वी डॉक्टर रक्तदाब पाहतात, डोळ्यांत बॅटरीचा प्रकाश टाकतात, हात-बरगड्या चाचपतात, दोन-चार प्रश्न विचारतात. सावकाश झिजणारा मेंदू या तपासणीत सहज पास होतो.

क्वारीच्या बाबतीत मात्र इशारा मिळाला होता. १९८३ मध्ये एका अमेरिकी क्रीडा साप्ताहिकाच्या पुढाकाराने काही मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूच्या चाचण्या झाल्या. त्यांत क्वारी होता. समोर बसून बोलताना तो चांगला, हजरजबाबी वाटत होता, पण स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांत तो कमी पडला आणि छायाचित्रांत मेंदूला इजा झाल्याच्या खुणा दिसल्या. हे सारे छापून आले. त्याच वर्षी तो पुनरागमन करून दोन लढती लढला आणि दोन्ही जिंकला. त्यानंतर नऊ वर्षांनी अरोरा.

यात क्वारीचा दोष काढणे सोपे आहे, पण ते मला अन्यायाचे वाटते. ज्या अवयवाने धोका ओळखायचा, तोच अवयव जायबंदी झालेला असतो. शिवाय ज्या गुणामुळे माणूस फ्रेझियरसमोर सात फेऱ्या उभा राहू शकतो, तो गुण घरी गेल्यावर काढून खुंटीवर टांगता येत नाही. म्हणून ‘आता पुरे’ हा शब्द बाहेरूनच यावा लागतो. तो कोणी उच्चारायचा, यावरच सुधारणांची सगळी चर्चा येऊन थांबते.

अधिकार कोणाचा

क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला मुष्टियुद्धाची रचना प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटेल. तिथे आयसीसीसारखी एकच जागतिक संस्था नाही. व्यावसायिक मुष्टियुद्धात जगज्जेतेपदाचे पट्टे देणाऱ्या चार प्रमुख संस्था आहेत आणि प्रत्येकीचा जगज्जेता वेगळा असू शकतो. लढती ठरवतात ते प्रमोटर, म्हणजे पैसा लावणारे आयोजक. आणि अमेरिकेत परवाना देणे, डॉक्टर नेमणे, लढतीला मंजुरी देणे ही कामे संस्थांची किंवा प्रमोटरची नसून प्रत्येक राज्याच्या स्वतंत्र आयोगाची आहेत. क्वारीने या फाटाफुटीचा अनुभव फार आधी घेतला होता. १९६७ मध्ये अलीचे विजेतेपद काढून घेतल्यावर एका संस्थेने आठ जणांची स्पर्धा भरवली, तर न्यूयॉर्कच्या आयोगाने स्वतःचा वेगळा जगज्जेता मानला. त्या स्पर्धेची अंतिम लढत क्वारी एप्रिल १९६८ मध्ये जिमी एलिसकडून गुणांवर हरला. जगज्जेतेपदाच्या इतक्या जवळ तो पुढे कधी पोहोचला नाही.

राज्याराज्यांच्या या रचनेचा परिणाम असा होई की, एका राज्याने नॉकआउटनंतर विश्रांतीची सक्ती केलेला खेळाडू आठवडाभरात शेजारच्या राज्यात, कधी खोट्या नावाने, लढायला उभा राहत असे. एका आयोगाचा नकार राज्याच्या सीमेपाशी संपत होता. मोठी, श्रीमंत केंद्रे असलेल्या राज्यांमध्ये नियम कडक होते, पण उतरणीला लागलेला खेळाडू अशा केंद्रांमध्ये लढतच नाही. तो जातो जिथे कोणी विचारत नाही तिथे. जो सर्वांत अधिक संरक्षणाच्या गरजेचा, त्यालाच सर्वांत कमी संरक्षण, असा हा उफराटा न्याय होता.

तो दूर करण्यासाठी अमेरिकी संसदेने १९९६ मध्ये व्यावसायिक मुष्टियुद्ध सुरक्षा कायदा संमत केला. सिनेटर जॉन मॅकेन, जे स्वतः तरुणपणी नौदल अकादमीत मुष्टियुद्ध खेळले होते, त्यांचा यामागे पुढाकार होता. या कायद्याने लढतीआधी डॉक्टरांचे प्रमाणपत्र, रिंगजवळ संपूर्ण वेळ डॉक्टरची उपस्थिती, रुग्णवाहिका किंवा जीव वाचवण्याची साधने असलेले वैद्यकीय पथक आणि प्रत्येक खेळाडूचा आरोग्य विमा या गोष्टी बंधनकारक केल्या. खेळाडूला ओळखपत्र काढावे लागते. दुखापत, नॉकआउट किंवा लागोपाठच्या पराभवांमुळे एका राज्याने केलेली बंदी इतर राज्यांनी पाळावी, असे ठरले. आणि ज्या राज्यात आयोग नाही, तिथे दुसऱ्या राज्याच्या आयोगाच्या किंवा आयोगांच्या संघटनेच्या देखरेखीशिवाय लढत होऊ शकत नाही. हे शेवटचे कलम वाचताना अरोरा आठवल्याशिवाय राहत नाही. ते चार वर्षे आधी आले असते, तर १९९२ च्या त्या लढतीला निदान कोणाची तरी परवानगी मागावी लागली असती.

२००० साली आलेला महंमद अली मुष्टियुद्ध सुधारणा कायदा याच कायद्याला जोडलेला आहे, पण त्याचा रोख वेगळा आहे. तो प्रामुख्याने पैशाविषयी आहे. प्रमोटरने खेळाडूला दीर्घकाळ बांधून ठेवणाऱ्या सक्तीच्या करारांना त्याने मर्यादा घातली, एकाच माणसाने प्रमोटर आणि मॅनेजर (खेळाडूच्या वतीने व्यवहार पाहणारा) या दोन्ही बाजूंनी हितसंबंध राखण्यास अटकाव केला आणि लढतीच्या उत्पन्नाची माहिती खेळाडूला मिळण्याची सोय केली. मेंदूशी याचा संबंध काय, असे वाटू शकते. संबंध असा की, वयाच्या पस्तिशीत हातात पैसा शिल्लक असलेला माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी १,०५० डॉलरसाठी रिंगमध्ये उतरण्याची शक्यता कमी असते. कारकिर्दीत लक्षावधी डॉलर मिळवलेल्या क्वारीकडे अखेरीस त्यांतले जवळजवळ काहीच उरले नव्हते.

दोन्ही कायद्यांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. १९९६ चा कायदा विमा हवा म्हणतो, पण किती रकमेचा ते सांगत नाही. डॉक्टरी तपासणी हवी म्हणतो, पण मेंदूचा एमआरआय सक्तीचा करत नाही. २ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये दहा फेऱ्यांची लढत हरलेला रशियन हेवीवेट मागोमेद अब्दुसलामोव्ह रुग्णवाहिकेऐवजी टॅक्सीने रुग्णालयात गेला. मेंदूत रक्तस्राव झालेला होता. तो वाचला, पण कायमचा परावलंबी झाला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा विम्याची किमान रक्कम १०,००० डॉलर होती, जी अशा दुखापतीत पहिल्या एक-दोन दिवसांतच संपते. पुढे राज्याने त्याच्या कुटुंबाला २ कोटी २० लाख डॉलर देऊन दावा मिटवला आणि मेंदूच्या प्राणघातक इजेसाठी १० लाख डॉलरचा विमा सक्तीचा केला. हा नियम एका राज्यापुरता आहे. निवृत्त खेळाडूंसाठी निवृत्तिवेतन निधीची व्यवस्था १९८२ पासून कॅलिफोर्नियाने केली, ती इतर राज्यांनी उचलली नाही. राष्ट्रीय पातळीवर एकच आयोग असावा, यासाठी मॅकेन यांनी आणखी प्रयत्न केले. सिनेटने साथ दिली, पण २००५ मध्ये प्रतिनिधीगृहात तो प्रस्ताव फेटाळला गेला.

एकच राष्ट्रीय संस्था असल्याने काय फरक पडतो, हे ब्रिटनमध्ये दिसते. तिथे १९२९ पासून एकाच मंडळाकडे परवाने आहेत. पण तिथलेही नियम आपोआप सुधारले नाहीत. २१ सप्टेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये मायकेल वॉटसन हा मिडलवेट गटात नाव कमावलेला खेळाडू शेवटच्या फेरीत कोसळला. रिंगजवळ डॉक्टर होते, पण श्वासोच्छ्वास सांभाळून त्याला स्थिर करण्याची साधने नव्हती आणि योग्य उपचार मिळेपर्यंत सुमारे अर्धा तास गेला. वॉटसनने मंडळावर दावा लावला. लढतीचे वैद्यकीय नियम मंडळच ठरवते, म्हणून ते अपुरे असतील तर जबाबदारीही मंडळाचीच, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि २००० मध्ये अपिलातही तो कायम राहिला. तेव्हापासून तिथे भूलतज्ज्ञांची उपस्थिती, रुग्णवाहिकेची तयारी आणि जवळच्या मेंदू-शल्यचिकित्सा केंद्राला आधी सूचना देणे ही रीत झाली. अधिकार एका ठिकाणी असला की दोषही एका ठिकाणी ठेवता येतो. अमेरिकेतील विखुरलेल्या रचनेत नेमके हेच घडत नाही.

बंदी हा उपाय आहे का

ज्यांना हे सगळे ठाऊक आहे, त्यांच्यातला एक गट म्हणतो की हा खेळ सुधारण्यासारखा नाही, तो बंदच करावा. हे मत हलकेपणाने झटकण्यासारखे नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनीशी लढताना दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत वारला. त्यानंतर अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाने १९८३ मध्ये मुष्टियुद्ध बंद करण्याची उघड मागणी केली. ब्रिटिश वैद्यक संघटनाही तेव्हापासून तीच भूमिका मांडत आली आहे. डॉक्टरांचा युक्तिवाद असा की, इतर खेळांत मेंदूला इजा होते ती अपघाताने, इथे मात्र प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला इजा करणे हाच गुण मिळवण्याचा मार्ग आहे. या म्हणण्याला चोख उत्तर मला आजवर सापडलेले नाही.

तरीही मी बंदीच्या बाजूने नाही आणि त्याचे कारण पुन्हा क्वारीच आहे. स्वीडनने १९७० मध्ये आणि नॉर्वेने १९८१ मध्ये व्यावसायिक मुष्टियुद्धावर बंदी घातली होती. पुढे दोन्ही देशांनी ती अटींसह शिथिल केली. मधल्या काळात तिथले खेळाडू परदेशात जाऊन लढतच राहिले होते. अरोरामध्ये जे घडले ते याचेच छोटे रूप आहे. पाहणारे कोणी नसेल, तर लढणारा तिथे जातो. बंदीमुळे अशा जागा वाढतात, असे मला वाटते.

किमच्या मृत्यूनंतर झालेला बदल मात्र खरा आणि मोजता येण्याजोगा होता. विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आल्या, प्रथम एका संस्थेने आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत इतरांनीही हे स्वीकारले. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोच्या कोराकुएन सभागृहात एकाच कार्यक्रमात लढलेले शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा हे दोघे, दोघेही अठ्ठावीस वर्षांचे, मेंदूतील रक्तस्रावाने वारले. त्यानंतर जपानी आयोगाने पौर्वात्य आणि प्रशांत महासंघाच्या (ओपीबीएफ) विजेतेपदाच्या लढती बारावरून दहा फेऱ्यांवर आणल्या. दर वेळी कोणाचा तरी जीव गेल्यावरच फेऱ्या कमी व्हाव्यात, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. शिवाय या बदलांचा रोख पहिल्या, तातडीच्या धोक्याकडे आहे. क्वारीला ज्याने संपवले तो दुसरा धोका लढतीच्या रात्रीपुरता मर्यादित नाही.

२७ जून १९७२ ची रात्र इथे आठवते. लास व्हेगासमध्ये एकाच कार्यक्रमात दोन क्वारी भाऊ लढले. आधी एकवीस वर्षांचा माइक, तोवर एकही लढत न हरलेला, लाइट हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी बॉब फॉस्टरसमोर उतरला. चौथ्या फेरीच्या अखेरीस फॉस्टरचा डावा हूक बसला आणि माइक असा निश्चल पडला की, आपल्या हातून हा मुलगा गेला की काय, अशी भीती खुद्द फॉस्टरला वाटली. थोड्याच वेळात जेरीला त्याच रिंगमध्ये अलीसमोर उभे राहावे लागले आणि सातव्या फेरीच्या आरंभीच ती लढत थांबली. माइकही पुढे त्याच विकाराने, २००६ मध्ये, ५५ व्या वर्षी वारला. फॉस्टरचा तो ठोसा सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण दोन भावांचे मेंदू एका ठोशाने गेले नाहीत. वडिलांच्या देखरेखीखाली लहानपणापासून सुरू झालेला सराव, एकमेकांशी आणि इतरांशी केलेल्या सरावाच्या अगणित लढती, या सगळ्यांचे ओझे त्या मेंदूंवर होते.

म्हणून आज जे संशोधक या विषयावर काम करत आहेत, ते एका लढतीपेक्षा संपूर्ण कारकिर्दीकडे पाहतात. लास व्हेगासमध्ये २०११ पासून चालू असलेल्या अभ्यासात व्यावसायिक लढवय्यांचे दरवर्षी एमआरआय आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या होतात. लढण्याची वर्षे जितकी जास्त, तितका मेंदूच्या काही भागांचा आकार कमी, असा संबंध त्यात दिसून आला आहे. याचा व्यवहारातला उपयोग सरळ आहे. परवाना पहिल्यांदा देतानाच मेंदूची पायाभूत नोंद घ्यावी, दरवर्षी तिच्याशी तुलना करावी आणि ठरावीक घट दिसली की परवाना थांबवावा, मग खेळाडू तोंडाने कितीही चांगला बोलत असो. १९८३ मध्ये क्वारीच्या बाबतीत हीच माहिती हातात होती, फक्त तिच्यावर कृती करण्याचा अधिकार कोणाकडे नव्हता.

२०२५ मध्ये अमेरिकी संसदेत अली कायद्यात बदल करणारे विधेयक मांडले गेले. त्यात खेळाडूला किमान मानधन आणि अधिक वैद्यकीय चाचण्या यांची तरतूद आहे. पण त्याचबरोबर एकाच कंपनीला प्रमोटर, क्रमवारी ठरवणारी संस्था आणि पट्टा देणारी संस्था या तिन्ही भूमिका घेता येतील, अशीही सोय आहे. चाचण्यांच्या तरतुदीचे मी मनापासून स्वागत करतो. दुसऱ्या तरतुदीची मला काळजी वाटते, कारण लढत झाली तर ज्याला पैसा मिळणार आहे, त्याच्याकडेच त्यामुळे आणखी अधिकार एकवटतील.

आणि या साऱ्या कायद्यांच्या बाहेर अजून एक जागा उरते, ती म्हणजे सराव. अनेक मुष्टियोद्ध्यांना सर्वाधिक ठोसे लढतीत नव्हे तर सरावाच्या लढतींमध्ये बसतात. लढतीच्या रात्री रिंगजवळ डॉक्टर असतो, पंच असतो, रुग्णवाहिका उभी असते. मंगळवारी सकाळी व्यायामशाळेत दोघे जण सहा फेऱ्या सराव करतात, तेव्हा तिथे बहुधा फक्त प्रशिक्षक आणि घड्याळ असते. कोणाच्या डोक्याला किती मार लागला, याची नोंद कोणत्याही आयोगाकडे जात नाही. जेरी क्वारीच्या ६६ लढतींची नोंद तारखेनिशी उपलब्ध आहे, अरोरातली ती सहा फेऱ्यांची लढतसुद्धा त्यात आहे. बेकर्सफील्डमध्ये पोरवयात पहिल्यांदा हातमोजे चढवल्यापासून तो सरावात किती फेऱ्या लढला, हे मात्र कुठेही लिहिलेले नाही.